तीनदा विचारणाऱ्या सिस्टर

मांजरं मला आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं दोन मांजरं येणार आहेत आणि त्यांच्यापायी मी एका बाईला जे उत्तर दिलं ते वाचून कुणी माझी बाजू घ्यायला धावू नये. उत्तर खरं होतं, एवढंच काय ते त्याच्या बाजूनं बोलता येईल.

वाघमारे सिस्टर माझ्या घरमालकीण. मी कळंबच्या शाळेत बदलून आले, नवरा परभणीला नोकरीत, म्हणून मला एकटीला पुरतील अशा दोन खोल्या हव्या होत्या. सिस्टरांच्या घराचा वरचा मजला रिकामा होता. पहिल्या दिवशी त्यांनी भाडं, पाणी, लाइट यातलं काहीच काढलं नाही. आधी बैठकीत नेलं, भिंतीवरची बुद्धाची तसबीर दाखवली आणि म्हणाल्या, "बगून घ्या मॅडम. मागनं कुणीतरी कायतरी सांगतंय, मंग लोकं महिन्याभरात खोली सोडतेत. आत्ताच न्हाय म्हणलात तर मला राग न्हाय." मी म्हटलं, माझी काही अडचण नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी मी सामान घेऊन आले तर टेम्पोजवळ उभ्या राहून पुन्हा तेच. मला वाटलं, बाईंना ऐकू कमी येत असावं.

ऐकू त्यांना चांगलं येत होतं. उभी नोकरी त्यांनी तालुक्यातल्या खेड्यांतून नर्स म्हणून काढलेली. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, म्हणजे नाडी मोजताना हात वळवावा लागत नाही. निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झाली तरी ते तसंच. भाजीवाली दारात आली की भाव करण्याआधी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायच्या आणि "रगत कमी हाय, शेपू इकतेस त्यो घरी बी खा" असं सुनवायच्या. जेवायच्या मात्र ओट्याजवळ उभ्यानं. भाकरीचा तुकडा हातात, कालवण वाटीत, आणि नजर खिडकीबाहेर. मी एकदा म्हटलं, आता कुठली गाडी पकडायची आहे सिस्टर, बसून खा की. "बसून खायला म्होरं कुणीतरी लागतंय," त्या म्हणाल्या, आणि वाटी धुवायला घेतली. मी वर माझ्या ताटावर बसायचे, त्या खाली उभ्या असायच्या, आणि सहा वर्षांत मला एकदाही ताट घेऊन खाली जायचं सुचलं नाही. आज सुचतं.

लग्न झालं होतं आणि मोडलं होतं. मूल झालं नाही, म्हणून नवऱ्याच्या घरच्यांनी त्यांना माहेरी आणून सोडलं. नंतर नोकरी लागली ती नेमकी बायकांना कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला तयार करायची. खेड्यातल्या सासवा टोमणे मारायच्या, सोताला न्हाय पोर आन् दुसऱ्याची बंद करती. सिस्टर त्यावर हसून म्हणायच्या, "माजं दुकान आदीच बंद हाय, म्हणून तर तुमची बंद कराया हिंडते." हे सांगतानाही हसायच्या. मला कधी हसू आलं नाही.

ऑपरेशनसाठी बाई तयार करायची याला त्यांच्या भाषेत 'केस' म्हणत. सिस्टरांची पद्धत अशी, की प्रत्येक बाईला तीनदा विचारायचं. एकदा घरात, सासू-नवऱ्यासमोर. एकदा एकटीला गाठून, हापशावर नाहीतर रानात. आणि शेवटचं शिबिराच्या दारात, जीपमधून उतरायच्या आधी. तिन्ही वेळा तिनं स्वतःच्या तोंडानं व्हय म्हटलं तर केस. तिसऱ्या वेळी चाचरली तर जीप माघारी. त्यामुळं त्यांचा आकडा कधी पुरा झाला नाही आणि वरिष्ठांची बोलणी खाण्यात अर्धी नोकरी गेली. "अंग जिचं, व्हय बी तिचं," एवढंच त्या म्हणायच्या. हे ऐकल्यावर मला त्या तीन दिवसांच्या विचारण्याचा उलगडा झाला.

दोन वर्षांमागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. गल्लीतली एक मांजरी उसाच्या ट्रॅक्टरखाली गेली. तिची दोन पिल्लं सिस्टरांनी सलाइनच्या रिकाम्या खोक्यातून घरी आणली आणि ड्रॉपरनं दूध पाजून जगवली. दोन्ही माद्या. एक थोरली, एक धाकली. तीच नावं पडली. बाळाच्या लसीकरणाचं एक जुनं कोरं कार्ड काढून त्यावर त्या दर आठवड्याला दोघींची वजनं लिहायच्या. आईची गत बघितली होती, म्हणून मांजरांना बाहेर सोडायचं नाही असं ठरवलं. खिडक्यांना, जिन्याला, परसदाराला जाळी ठोकून घेतली. कळंबात मांजर घरात कोंडून ठेवणाऱ्या त्या एकट्याच असतील. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, जाळी मांजरांसाठी आहे का सिस्टरांसाठी?

पाच-सहा महिन्यांत थोरली माजावर आली. ज्यांनी ते ऐकलेलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. भर दुपारी, मी वह्या तपासत बसलेली, आणि खालून लहान मूल रडावं तसा आवाज. चार-पाच दिवस चालायचा, दोन आठवडे बंद, पुन्हा सुरू. मग धाकलीनंही सूर लावला. जाळीबाहेर दोन बोके येऊन बसायला लागले. माझ्या नाकी नऊ आले. मी खाली जाऊन म्हटलं, "सिस्टर, ऑपरेशन करून टाका की. तुम्हाला का हे सांगायला पाहिजे?"

त्या थोरलीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. म्हणाल्या, "हिला इचारू कसं?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

सल्ला द्यायला गल्ली तयारच होती. एकीचं म्हणणं, एकदा पिल्लं होऊ द्यावीत, मादीच्या जातीला एवढं तरी सुख द्यावं. दुसरी म्हणाली, घराबाहेर जात नाहीत, बोका आत येत नाही, मग पोट फाडायचंच कशाला? सिस्टरांना दुसरं म्हणणं पटत होतं. तरी त्या जनावरांच्या दवाखान्यात विचारायला गेल्या आणि सोबत मला नेलं. तिथं गाई, म्हशी, शेळ्यांची रांग. मांजराचं नाव काढल्यावर बाकीचे हसले, पण डॉक्टर पोरसवदा आणि समजदार होता. म्हणाला, "पिल्लं एकदा झालीच पाहिजेत असं काही नसतं आजी. घरातली असली तरी अशीच पुन्हापुन्हा माजावर येत राहणार, त्यांनाच त्रास. पुढं पिशवीत पू होतो, तेव्हा ऑपरेशन जड जातं. आणि जाळी एक दिवस उघडी राहतेच. आता लहान आहेत, लवकर भरून येईल. इथं सोय नाही, लातूरला करा."

"म्हंजी नस बांदायची?"

"नाही, पिशवीच काढतात."

पिशवी हा शब्द सिस्टरांना लागला होता. नोकरीची शेवटची काही वर्षं त्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या दारोदार हिंडल्या होत्या. पाळीचे चार दिवस कोयता थांबतो म्हणून तरण्या बायका पिशवी काढून मोकळ्या होत, आणि सिस्टर त्यांना हात जोडून सांगत, नका गं काढू. आधी नस बांधा म्हणून फिरल्या, मग पिशवी राखा म्हणून फिरल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "बाईला निदान तोंड हाय, मॅडम. व्हय म्हणंल, न्हाय म्हणंल, शिव्या तरी देईल."

त्या दिवशी त्यांनी मला कौसल्याची गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीची. कौसल्याला एक मुलगा, एक मुलगी. सासूसमोर विचारलं, ती खाली मान घालून व्हय म्हणाली, आणि सिस्टरांनी तेवढ्यावर तिला शिबिराला नेलं. वर्षाच्या आत मुलगा तापानं गेला. नवऱ्यानं दुसरी बायको आणली. पुष्कळ वर्षांनी तुळजापूरच्या बसमध्ये सिस्टर गर्दीत उभ्या होत्या, तर खिडकीशी बसलेली एक बाई आत सरकली आणि म्हणाली, "बसा सिस्टर." कौसल्या होती. तुळजापूर येईपर्यंत दोघी शेजारीशेजारी बसल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत. "तिनं च्यार लोकांत मला शिव्या घातल्या आस्त्या तर म्या घरी येऊन जेवले आस्ते," सिस्टर म्हणाल्या. तीनदा विचारायची पद्धत कौसल्याचा मुलगा गेल्यानंतर सुरू झाली होती.

तरी एका सोमवारी त्या लातूरला निघाल्या. भाजीच्या दोन प्लास्टिकच्या क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीनं बांधल्या, आत दोघींना बसवलं. दुपारी बारालाच परत आल्या. ढोकीच्या स्टँडवर उतरून माघारी येणारी बस पकडली म्हणे. "धाकली लई वरडाय लागली. मला वाटलं, न्हाय म्हणतीय." मी कपाळाला हात लावला. मांजर बसमध्ये ओरडणार नाही तर काय अभंग म्हणणार? पण हे बोलायची माझी छाती झाली नाही. शिबिराच्या दारातून जीप माघारी नेणारी बाई मी तोवर फक्त ऐकली होती, आता बघितली.

पुढच्या महिन्यात सिस्टरांना ओट्याजवळच चक्कर आली. छातीत दुखत होतं, ते त्यांनी आठवडाभर कुणाला सांगितलं नव्हतं. चार दिवस दवाखान्यात होत्या. भेटायला गल्लीतले एक-दोघे, शाळेतून सुटल्यावर मी, बस्स. मी बसले की विचारायच्या, "जाळी लावली का?" मांजरांना खायला घालायचं काम माझ्याकडं आलं. मी नाक मुरडत वाटी आत सरकवायचे आणि दार लावून घ्यायचे. त्या दोघी वाटीकडं न येता माझ्या मागं बघत बसायच्या, सिस्टर येतायत का म्हणून. मला त्याचा राग यायचा. का यायचा, सांगता येत नाही.

घरी आल्यावर सिस्टर बदललेल्या होत्या. पायरीवर बसून म्हणाल्या, "म्या चुकीचं धरून बसले व्हते मॅडम. मला वाटायचं, कौसल्याला येकदाच इचारलं ही चूक. पर पोरगं गेल्यावर म्या तिच्या दारात गेलेच न्हाय. भ्याले. टाके काडले आन् जी गेले ती गेले. दुसऱ्याच्या अंगाचं ठरवणारानं मागनं तितं ऱ्हायाला पायजे. मांजरं काय व्हय म्हणायची न्हाईत. मंग निदान मागं ऱ्हाणारं तरी कुणी पायजे. आन् माजं आता काय खरं हाय?"

मग त्यांनी मला विचारलं. माझा नवरा त्या रविवारी आला होता, चहा घेत होता, त्याच्यासमोर विचारलं. "माज्या मागं ह्या दोगी तुमी ठिवाल का?" मी म्हटलं, "हो, त्यात काय एवढं." पाहुण्यासमोर माणूस दुसरं काय म्हणतो? दुसऱ्यांदा गच्चीवर, मी कपडे वाळत घालत असताना. जिना चढून आल्यानं त्यांना दम लागला होता. मी म्हटलं, "अहो हो म्हटलं ना सिस्टर." चिमटे लावत राहिले, त्यांच्याकडं बघितलं नाही. मनात हिशेब चालू होता, की बदली जवळ आली आहे, परभणीचा फ्लॅट लहान आहे, नवऱ्याला दमा आहे. आणि या सगळ्याच्या मुळाशी साधी गोष्ट होती, मला मांजरं नको होती.

लातूरला आम्ही दोघी गेलो. करायचं का नाही ते तिथंच ठरवू, असं सिस्टर म्हणाल्या होत्या. या वेळी क्रेट माझ्या मांडीवर होती आणि सिस्टर ढोकी आली तरी खिडकीबाहेर बघत राहिल्या. दवाखान्यातली डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं दोघींना तपासलं, उपाशी ठेवलंय ना ते विचारलं आणि सहीचा कागद पुढं केला. सिस्टरांनी पेन हातात घेतलं, मग माझ्याकडं वळल्या.

"मॅडम, शेवटचं इचारते. माज्या मागं तुमी ह्यांना ठिवाल?"

आवाजात गळ नव्हती, रडवेपणा नव्हता. अशाच आवाजात त्यांनी जीपमध्ये किती बायकांना विचारलं असेल. असं विचारल्यावर खोटं बोलता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टर बघत होती. मी म्हटलं, "नाही सिस्टर. मला नाही जमायचं."

सिस्टरांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"बरं केलं सांगितलं. दोनदा व्हय म्हणालात तवाच तुमच्या तोंडाकडं बगून वाटलं व्हतं." मग डॉक्टरकडं वळून म्हणाल्या, "करा. मागं कुणी ऱ्हाणारं आस्तं तर आजून इचार केला आस्ता, घरातल्या घरात संबाळलं आस्तं त्यानं. कुणी न्हाय. उद्या ह्या रस्त्यावर आल्या तर ह्यांची तरी फरफट व्हईल ती व्हईल, वर पिल्लांची नगं." आणि सही केली.

इतके महिने न सुटलेला प्रश्न माझ्या एका नाहीनं सुटला. लोक याला मदत म्हणतील का, मला माहीत नाही. आम्ही बाहेर बाकड्यावर बसलो. त्यांनी घरून आणलेली भाकरी सोडली, अर्धी माझ्या हातात दिली. मी ती हातातच धरून बसले. त्या मात्र बसून, सावकाश, सगळी खाल्ली.

ऑपरेशन नीट झालं. दहा दिवस सिस्टर दिवसातून तीनदा दोघींचे टाके बघायच्या आणि कार्डावर लिहायच्या. थोरली तिसऱ्या दिवशीच कपाटावर चढली. ओरडणं थांबलं, बोके दुसरीकडं गेले, दुपारी माझ्या वह्या शांततेत तपासून व्हायला लागल्या. सिस्टर माझ्याशी होत्या तशाच वागत राहिल्या. दोडक्याची चटणी वर पाठवायच्या, माझी पापणी ओढून रक्त बघायच्या. मीच खाली जायचं कमी केलं. त्यांनी एकदा तरी तोडून बोलायला हवं होतं असं मला वाटायचं, आणि असं वाटलं की कौसल्याच्या शेजारी बसलेल्या सिस्टरांना काय झालं असेल ते थोडं थोडं कळायचं.

जूनमध्ये माझी बदली परंडा तालुक्यात, सोनारीजवळच्या शाळेत झाली. निघताना त्या जाळीच्या आत उभ्या होत्या, दोन्ही मांजरं पायाशी. "जावा मॅडम, बस चुकंल," म्हणाल्या. नंतर दोन-तीनदा फोन केला. शेवटच्या फोनला विचारलं, वर कुणी भाडेकरू आलं का? "खोलीचं ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "ह्या दोगींसाटी बगतीय. कुणीतरी गावंल. रोज च्यार घरं करते." आवाज थकलेला होता. मी म्हटलं, उन्हाचं फिरू नका.

मागच्या महिन्यात परभणीला जात होते. बस कळंबच्या स्टँडच्या अलीकडं अडकली. पुढं कुणाची तरी ट्रॉली आडवी झाली होती. खिडकीतून सहज शेजारच्या गल्लीत बघितलं, तर सिस्टर. वाळल्या होत्या. एका हातात छत्री, खांद्याला पिशवी. एका दारात उभ्या राहून कडेवर मूल असलेल्या बाईशी बोलत होत्या. दोन बोटं वर केली, मग जमिनीपासून वीतभर हात धरून दाखवला, एवढुशा आहेत म्हणून. ती बाई हसली आणि मान हलवली. सिस्टरांनीही मान हलवली, मुलाच्या गालाला हात लावला आणि शेजारच्या दारात गेल्या. तिथं एक म्हातारा बाहेर आला. त्यानं पुरतं ऐकूनही घेतलं नाही, हातानंच पुढं जा म्हणून खूण केली.

मला उतरता आलं असतं. बस उभी होती, दार उघडं होतं, सामान म्हणजे मांडीवरची एक पिशवी. पण उतरून सांगणार काय होते? माझं उत्तर काही बदललेलं नव्हतं. मी पदर डोक्यावर घेतला आणि खिडकीपासून जरा आत सरकले, त्यांनी बघू नये म्हणून. ट्रॉली निघाली, कंडक्टरनं बेल मारली. सिस्टर पुढच्या घराच्या दोन पायऱ्या चढून, भिंतीला हात धरून, दम खात उभ्या होत्या. मग त्यांनी छत्री मिटली आणि कडी वाजवली.